उमेदवारांचे कैवारी संत जॉन बॉस्को

गिरणेच्या काठी वसलेल्या आपल्या भडगाव तालुक्यात कापूस, केळी व ऊस ह्यांवर चालणारे संसार पुष्कळ. परंतु घरातील सर्वच मुलांस जमीन पुरत नाही. मग कोणी पाचोऱ्यास वा जळगावास गॅरेजात राहतो, कोणी सुरतेची वाट धरतो. अशा मुलांस कोणता संत सर्वांत जवळचा, असे कोणी मला विचारील, तर मी संत जॉन बॉस्को ह्यांचे नाव घेईन. त्यांची तसबीर आपल्या पुष्कळ घरी आहे. पण मुलांच्या घोळक्यात उभा असलेला हसतमुख धर्मगुरू, ह्यापलीकडे त्यांची ओळख फारशी नाही. म्हणून महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्रातील धंदेशिक्षणाची बाजू सांगण्याचे योजिले आहे.

जॉन बॉस्को ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या वाडीवर, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच पितृछत्र हरपले. मातोश्री मार्गारिता ह्यांनी मोठ्या कष्टाने संसार सावरला. परंतु सावत्र वडील बंधूस धाकट्याच्या हातातील पुस्तक सलत असे. अखेर वयाच्या बाराव्या वर्षी घर सोडून जॉनने परक्या शेतावर गडी म्हणून चाकरी धरिली. पुढे शिक्षणासाठी कास्तेल्नुओवो व किएरी येथे राहताना पोटासाठी त्यांनी शिंप्याकडे, लोहाराकडे, सुताराकडे व हलवायाकडे पडेल ते काम केले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकलो. कापडास टाका कसा घालावा, हे मात्र आम्हांस कोणी शिकविले नाही.

५ जून १८४१ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली व ते तुरीन शहरी आले. तेथे फादर कफासो ह्यांच्यासमवेत ते तुरुंगांत जात. कोवळी मुले सुटून बाहेर येत आणि कोणाचाच आधार नसल्यामुळे पुन्हा आत जात, हे पाहून त्यांचे मन विदीर्ण झाले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा अनाथ मुलगा देवळाच्या साक्रिस्तीत शिरला. मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्यास झोडपून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलाविले, मायेने विचारपूस केली व त्याच्याबरोबर नमो मरिया ही प्रार्थना म्हटली. पुढील रविवारी तो आपले सोबती घेऊन आला. ही मुले बहुधा डोंगराळ भागांतून हंगामी कामास आलेली असत. आपल्या खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या जातात, तशीच त्यांची गत.

मुले वाढली तशा तक्रारीही वाढल्या. जागा मिळेना, नगराधिकाऱ्यांस संशय येऊ लागला. शेवटी १८४६ च्या पास्काच्या सणास वाल्दोक्को भागात पिनार्दी ह्यांची एक शेड भाड्याने मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मातोश्री आपले गाव सोडून मुलाच्या मदतीस आल्या. पहिल्याने आश्रय दिलेली काही मुले पांघरुणांसह पसार झाली होती. तरी १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ दाराशी आला, तेव्हा मार्गारिताबाईंनी विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच त्याचे अंथरूण केले. वसतिगृहाचा आरंभ तो हाच.

रात्रीचे वर्गही चालत. पिडमाँटमध्ये १८५० पासून दशमान मापे लागू व्हावयाची होती. त्यापूर्वीच, १८४९ मध्ये, डॉन बॉस्कोंनी त्यांवर सोपे पुस्तक लिहून गवंड्यासुतारांच्या मुलांस नवा हिशेब शिकविला. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा आण्यांचा हिशेब करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची किती त्रेधा उडाली, हे अनेकांनी घरी ऐकले असेल.

दिवसा मुले शहरातील कारागिरांकडे उमेदवारी करीत. धंदा शिकविण्याच्या नावाखाली मालक त्यांस घरगड्यासारखे राबवीत, मारीत व रविवारीही सोडीत नसत. डॉन बॉस्कोंनी ह्यावर केवळ प्रवचन केले नाही. त्यांनी स्टँपाच्या कागदावर करार करविले. १८५२ च्या फेब्रुवारीतील एका सुतार उमेदवाराच्या करारात मालकाने कबूल केले आहे की, मुलास धंद्याचेच व झेपेल तेवढेच काम देईन; चुकल्यास शब्दांनी समजावीन, हात उगारणार नाही; सणवारी पूर्ण सुटी देईन, वर्षास पंधरा दिवसांची रजा देईन. मुलानेही मेहनत व आज्ञापालन ह्यांची हमी दिली आहे. आपल्या धर्मग्रामातील किती मुलांच्या खिशात आज असा कागद आहे? परगावी कामास निघालेल्या मुलाच्या आईवडिलांनी बोलणी पक्की होण्यापूर्वी मिशनच्या घरी येऊन जावे. कागद लिहावयास मी बसेन.

तथापि बाहेरच्या कारागिरांकडे मुलांच्या चालचलणुकीची काळजी राहीच. म्हणून १८५३ मध्ये वाल्दोक्कोतच चांभारकाम व शिवणकाम ह्यांचे कारखाने निघाले. जागा इतकी अपुरी की चांभारकाम एका अरुंद बोळात चाले. तेथे डॉन बॉस्को स्वतः बसून तळव्यावर हातोडी मारून दाखवीत. १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम आणि १८६२ च्या सुमारास छापखाना व लोहारकाम सुरू झाले.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पगारी उस्ताद आपलेच खासगी काम मुलांकडून करून घेत. त्यांस कारखाने मक्त्याने दिले, तर शिक्षण बाजूस राहून नफ्याकडेच लक्ष जाई. पद्धत अनेकदा बदलावी लागली. अखेर सर्व कारभार संस्थेने हाती घेतला आणि व्रतस्थ ब्रदर कारागीर म्हणून मुलांपाशी उभे राहिले. आपली चूक ओळखून घडी पुन्हा पुन्हा बसविण्याची ही चिकाटी मला त्यांच्या चमत्कारांहून अधिक थोर वाटते. १८८४ च्या तुरीन येथील प्रदर्शनात त्यांच्या मुलांनी कागद करण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे सर्व काम लोकांसमोर करून दाखविले.

शहरावर संकट आले, तेव्हा ही मुले कारखान्यात लपली नाहीत. १८५४ मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा मोठी मुले घरोघरी जाऊन रोग्यांची शुश्रूषा करीत होती. मार्गारिताबाईंनी घरातील चादरी व टेबलावरची वस्त्रेदेखील रोग्यांसाठी देऊन टाकिली. १८५६ मध्ये ह्या माउलीचे निधन झाले.

१८५९ मध्ये सलेशियन संघाची व १८७२ मध्ये संत मरिया माझ्झारेल्लो ह्यांच्या साहाय्याने धर्मभगिनींच्या संघाची स्थापना झाली. १८७५ मध्ये पहिले मिशनरी अर्जेंटिनास निघाले. १८८६ च्या महासभेत कारागीर मुलास धर्म, अक्षरज्ञान व धंदा ही तिन्ही मिळावीत, असे ठरले.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को प्रभूच्या घरी गेले. १९३४ च्या पास्काच्या सणास पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांस संतपद दिले. त्यांचे पुत्र १९०६ मध्ये तंजावरास व १९२८ मध्ये मुंबईस आले. पुढे कुर्ल्यास त्यांनी धंदेशिक्षणाची शाळा काढिली, आणि आपल्या शेजारच्या अहिल्यानगरास बॉस्को ग्रामीण विकास केंद्र खेड्यापाड्यांसाठी उभे राहिले.