कागद जाळणाऱ्याचं चरित्र

आपली पत्रं ठेवू नका, असं पॅट्रिक व्हाइट मित्रांना बजावायचा. ऑस्ट्रेलियाला साहित्याचं पहिलं नोबेल मिळवून देणाऱ्या या कादंबरीकाराने शेवटी एका पत्रकाराला घरात घेतलं आणि स्वतःचं आयुष्य त्याच्यापुढे मांडलं. त्या आयुष्याची आणि ते कसं लिहिलं गेलं, त्याची ही गोष्ट.

१९७७ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीने पॅट्रिक व्हाइटकडे त्याचे कागद मागितले. हस्तलिखितं, टिपणवह्या, पत्रव्यवहार, जे काही असेल ते द्या, आम्ही जपून ठेवू, अशी विनंती होती. चारच वर्षांपूर्वी त्याला नोबेल मिळालं होतं, त्यामुळे मागणीत वावगं काहीच नव्हतं. व्हाइटने कळवलं की माझ्याकडे कागदच नाहीत. पुस्तक छापून आलं की हस्तलिखित नष्ट करतो, मित्रांची पत्रं ठेवत नाही, त्यांनाही माझी ठेवू देत नाही आणि मरताना जे अर्धवट राहील ते जाळायचंय. विषय संपला.

आता अशा माणसाचं चरित्र लिहायचं म्हणजे पंचाईतच. चरित्रकाराचा सगळा संसार कागदांवर चालतो. पत्र नाही, डायरी नाही, खाडाखोड केलेली वही नाही, तर उरतं काय? छापलेली पुस्तकं आणि लोकांच्या आठवणी. त्यात व्हाइटचा स्वभाव असा, की आठवणी सांगू शकणाऱ्या निम्म्या लोकांशी त्याचं भांडण झालेलं.

तरीही डेव्हिड मार नावाच्या सिडनीतल्या पत्रकाराने हे काम अंगावर घेतलं. डेव्हिड मूळचा कायद्याचा विद्यार्थी. त्याच्या नावावर तोवर एकच चरित्र होतं, ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश सर गारफिल्ड बारविक यांचं. तेही गोडगोड नव्हतं. १९८०च्या दशकाच्या मध्यात तो व्हाइटला भेटला आणि माणसांना दारातून परत पाठवण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा म्हातारा चक्क हो म्हणाला.

पैसा होता, श्वास नव्हता

व्हाइटचा जन्म २८ मे १९१२ चा, लंडनमधला. आईवडील ऑस्ट्रेलियन, तिकडे फिरायला गेलेले. बाळ सहा महिन्यांचं असताना ते सिडनीला परतले. घराणं गडगंज. हंटर व्हॅलीत बेलट्रीज नावाची अफाट जमीन, तिच्यावर मेंढ्यांचे कळप. वडील आणि काका सगळे त्याच धंद्यातले. पॅट्रिकला मात्र लहानपणीच दम्याने धरलं. शेत, घोडा, मेंढ्या हे आपल्या पोराला झेपणार नाही, हे घरच्यांना लवकर कळलं.

आई रूथ हौशी आणि महत्त्वाकांक्षी. मुलगा इंग्लंडमध्ये शिकला पाहिजे हा तिचा हट्ट. तेरा वर्षांच्या पॅट्रिकला तिने चेल्टनहॅमच्या बोर्डिंग शाळेत ठेवलं आणि आईवडील बोटीने परत गेले. ती चार वर्षं त्याला तुरुंगासारखी वाटली. तिथे तो परका ऑस्ट्रेलियन होता. आणि शाळा संपवून घरी आला तर इथल्या लोकांना तो इंग्रजाळलेला वाटायला लागला. घर सोडून होस्टेलवर राहिलेल्यांना यातलं थोडंफार कळेल. ना इकडचा ना तिकडचा, ही भावना त्याने पुढे आयुष्यभर वापरली.

परतल्यावर दोन वर्षं तो जॅकरू होता. जॅकरू म्हणजे मेंढ्यांच्या मोठ्या फार्मवर काम शिकणारा उमेदवार मुलगा. दिवसभर अंगमेहनत करायची आणि रात्री दिव्याखाली कादंबऱ्या लिहायच्या, असं चाललं होतं. मग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात फ्रेंच आणि जर्मन, पुढे लंडन, आणि १९३९ मध्ये पहिली कादंबरी 'हॅपी व्हॅली'. ही कादंबरी त्याने हयातीत पुन्हा छापू दिली नाही. फार्मवर असताना पाहिलेल्या खऱ्याखुऱ्या माणसांवरून त्याने पात्रं बेतली होती, हे त्यामागचं एक कारण मानतात. दुसऱ्याचं आयुष्य उचलून पुस्तकात घातलं तर काय होतं, हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्या पुस्तकापासूनच होता.

मनोली

दुसऱ्या महायुद्धात व्हाइट ब्रिटिश हवाई दलात गुप्तवार्ता अधिकारी म्हणून इजिप्तमध्ये होता. १९४१ साली अलेक्झांड्रियात त्याची एका ग्रीक तरुणाशी ओळख झाली. मनोली लास्कारिस. ती ओळख ४९ वर्षं टिकली, व्हाइटच्या मरणापर्यंत.

१९४८ मध्ये दोघं ऑस्ट्रेलियात आले आणि सिडनीबाहेर कॅसल हिल इथे सहा एकर जागा घेऊन राहिले. फुलं आणि भाज्या पिकवल्या, दूध आणि साय विकली, श्नॉझर जातीची कुत्री पाळली. श्रीमंत घरातला, केंब्रिज शिकलेला माणूस चिखलात राबत होता आणि लिहिणं जवळपास थांबलं होतं. १९५१ च्या अखेरीस पावसात कुत्र्यांचं खाणं घेऊन जाताना तो घसरून पडला. चिखलात पाठीवर पडल्या पडल्या त्याने देवाला शिव्या घातल्या. ज्या देवावर आपला विश्वास नाही त्याच्यावर आपण इतके का चिडलोय, असं मग त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. त्याच्या श्रद्धेची सुरुवात तो या प्रसंगापासून धरायचा. पुढची कादंबरी याच मातीतून आली. 'द ट्री ऑफ मॅन', १९५५. रानात जमीन साफ करून संसार उभा करणाऱ्या साध्या जोडप्याची गोष्ट.

अमेरिकेत तिचं कौतुक झालं. ऑस्ट्रेलियात ए. डी. होप या नामवंत कवीने वर्तमानपत्रात तिची अक्षरशः सालटी काढली. व्हाइट ते परीक्षण कधीही विसरला नाही. मग १९५७ मध्ये 'व्हॉस' आली आणि त्याच वर्षी सुरू झालेलं माइल्स फ्रँकलिन पारितोषिक पहिल्यांदा तिलाच मिळालं.

या सगळ्या काळात एक गोष्ट उघड बोलता येत नव्हती. न्यू साउथ वेल्समध्ये समलैंगिक संबंध १९८४ पर्यंत गुन्हा होते. म्हणजे नोबेल मिळालं त्या दिवशीही, कायद्याच्या नजरेत, त्याचं घर गुन्ह्याची जागा होती. कागद जाळण्यामागे हा धागाही असू शकतो. १९६४ मध्ये कॅसल हिल सोडून सेंटेनियल पार्कसमोरच्या घरात राहायला जाताना त्याने परसात आग पेटवून हस्तलिखितं आणि पत्रं जाळली.

इतरांची आयुष्यं

आता जरा उलट बाजूने बघा. स्वतःचे कागद जाळणारा हा माणूस दुसऱ्यांची आयुष्यं मात्र बिनदिक्कत वापरत होता.

'व्हॉस'चा नायक लुडविग लाइखार्ट या जर्मन संशोधक प्रवाशावरून सुचला. लाइखार्ट १८४८ मध्ये ऑस्ट्रेलिया खंड पार करायला निघाला आणि माणसांसकट नाहीसा झाला. 'अ फ्रिंज ऑफ लीव्ह्ज' ही जहाज फुटल्यावर आदिवासींमध्ये राहिलेल्या एलायझा फ्रेझरवरून. हे दोघं तरी इतिहासातले. पण १९७३ च्या 'द आय ऑफ द स्टॉर्म'मध्ये अंथरुणाला खिळलेली, पोरांना बोटावर नाचवणारी श्रीमंत म्हातारी आहे. तिच्यामागे त्याची आई आहे. लंडनमध्ये मरणपंथाला लागलेल्या रूथला तो भेटून आला होता आणि त्या भेटीतून ही कादंबरी उगवली. मुलाने आईकडे किती निर्दयपणे पाहावं याला काही मर्यादा असते का, असं वाचताना वाटत राहतं. आणि तरीही ती म्हातारी पुस्तकातली सगळ्यात जिवंत बाई आहे.

त्याच वर्षी नोबेल जाहीर झालं. स्टॉकहोमला तो गेलाच नाही. त्याच्या वतीने चित्रकार मित्र सिडनी नोलनने पारितोषिक घेतलं. बक्षिसाच्या रकमेतून व्हाइटने दरवर्षीचा पुरस्कार सुरू केला, वर्षानुवर्षं चांगलं लिहूनही दुर्लक्षित राहिलेल्या लेखकांसाठी. १९७४ चा पहिला पुरस्कार ख्रिस्तिना स्टेडला मिळाला. चारचौघांत न बोलणारा हा माणूस याच काळात रस्त्यावर उतरायला लागला होता. सेंटेनियल पार्कमध्ये क्रीडासंकुल होऊ नये म्हणून बोलला, युरेनियमच्या खाणींविरुद्ध बोलला. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान गॉफ व्हिटलमचं सरकार बरखास्त केलं, तेव्हा निषेध म्हणून त्याने देशाचा सर्वोच्च सन्मान परत केला. त्या बरखास्तीआधी गव्हर्नर जनरलना सल्ला देणारे होते सरन्यायाधीश बारविक. डेव्हिडच्या पहिल्या पुस्तकाचे नायक तेच.

१९८१ मध्ये 'फ्लॉज इन द ग्लास' हे आत्मकथन आलं. मनोलीबद्दल, स्वतःच्या समलैंगिकतेबद्दल त्याने त्यात उघडपणे लिहिलं, कायदा बदलायच्या तीन वर्षं आधी. ही हिंमतच. पण त्याच पुस्तकात त्याने नोलनला फाडून खाल्लं. पत्नी सिंथियाच्या मृत्यूनंतर नोलनने लवकर दुसरं लग्न केलं, हे व्हाइटला सहन झालं नव्हतं. आपलं नोबेल ज्याने घेतलं तो मित्र कायमचा तुटला.

टेबलावरचं हस्तलिखित

अशा माणसाच्या घरात डेव्हिड वही घेऊन बसला. व्हाइट बोलला, खूप बोलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मित्रांना आणि नातेवाइकांना त्याने कळवलं की याच्याशी बोला. आणि मग गंमत झाली. पत्रं जाळा असं ज्यांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं, त्यातल्या कित्येकांनी ती जपून ठेवली होती! एकेक कपाट उघडत गेलं. ही पत्रं नसती तर चरित्र आठवणींच्या भरवशावर राहिलं असतं. डेव्हिडने १९९४ मध्ये त्यातल्या शेकडो पत्रांचा वेगळा संग्रहही काढला.

पण खरी परीक्षा पुढे होती. नायक जिवंत, शेजारच्याच खुर्चीत बसलेला, देशातला सगळ्यात मोठा लेखक. त्याचा तिरसटपणा, मनोलीवर काढलेला राग, तोडलेल्या मैत्र्या हे सगळं लिहायचं की गाळायचं? आपल्याकडे चरित्र म्हटलं की हार घातलेला फोटो डोळ्यांसमोर येतो. डेव्हिडने फोटोला हार घातला नाही. प्रेमाने लिहिलं, पण काही लपवलं नाही.

१९९० च्या जुलैमध्ये त्याने हस्तलिखित व्हाइटच्या हातात दिलं. व्हाइट तेव्हा ७८ वर्षांचा होता, फुप्फुसं थकलेली. दोघं टेबलाशी बसून पानापानावरून गेले. व्हाइटने स्पेलिंगच्या चुका काढल्या, नावं आणि तपशील दुरुस्त केले. वाचताना आपल्याला रडू येत होतं, हे त्याने डेव्हिडजवळ कबूल केलं. पण एकही ओळ काढायला किंवा बदलायला सांगितली नाही.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. आपण ग्रुप फोटोतला स्वतःचा चेहराही नीट आल्याशिवाय टाकू देत नाही. आणि इथे शेकडो पानं दुसऱ्याने लिहिलेली, त्यात आपला सगळा कडवटपणा, आणि पेन आपल्या हातात. व्हाइटने आईला, मित्रांना, ओळखीपाळखीच्यांना पुस्तकात घालताना कुणाची परवानगी मागितली नव्हती. स्वतःची पाळी आल्यावर त्याने वेगळा नियम लावला नाही. त्याच्या स्वभावातले सगळे दोष मोजल्यावरही हा प्रामाणिकपणा शिल्लक राहतो.

३० सप्टेंबर १९९० ला राहत्या घरी तो गेला. रक्षा घरासमोरच्या पार्कातल्या तळ्यात विसर्जित केली. चरित्र छापून आलं पुढच्या वर्षी, 'पॅट्रिक व्हाइट: अ लाइफ'. आजही व्हाइटवर काम करणाऱ्याला त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

बत्तीस खोकी

मनोली २००३ मध्ये गेला. त्यानंतर २००६ मध्ये व्हाइटची साहित्यिक एजंट बार्बरा मॉब्ज हिने नॅशनल लायब्ररीत ३२ खोकी आणून दिली. आत वह्या होत्या, हस्तलिखितं होती, पत्रं होती, त्याचा चष्मासुद्धा होता. १९७७ साली जे अस्तित्वातच नाही म्हणून कळवलं होतं, ते सगळं. मृत्युपत्रात कागद जाळायची सूचना होती. बार्बराने ती पाळली नाही. अर्ध्यावर सोडलेली 'द हँगिंग गार्डन' ही कादंबरी त्याच खोक्यांमधली. ती २०१२ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला छापली गेली.

चरित्र लिहिताना डेव्हिडला ही खोकी पाहायला मिळाली नव्हती. एकही ओळ न बदलणारा माणूस एवढं सगळं झाकून बसला होता. काड्यापेटी तर त्याच्या हाताशी आयुष्यभर होती. परसातली ती आग पेटवल्यानंतरही त्याने हे कागद ठेवले आणि जाळायचं काम दुसऱ्यावर सोपवलं. ते होणार नाही, हे त्याला बहुतेक ठाऊक असावं.

कुठून सुरुवात कराल?

व्हाइट सोपा लेखक नाही, पहिली पन्नास पानं धीर धरावा लागतो. माणूस आवडला असेल तर आधी 'फ्लॉज इन द ग्लास' घ्या. मोठी कादंबरी झेपत असेल तर 'व्हॉस'. आईची गोष्ट पडद्यावर बघायची तर 'द आय ऑफ द स्टॉर्म'वरचा २०११ चा सिनेमा आहे, शार्लट रॅम्पलिंग आणि जेफ्री रश यांचा. आणि चरित्र कसं लिहावं हे शिकायचं असेल, तर डेव्हिड मारचं पुस्तक.