कंडेन्सरवाला लीबिग आणि आपली कादवा

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला लीबिग कंडेन्सर तुम्ही हाताळला असेलच. खरं तर ते उपकरण लीबिगनं शोधलेलं नाही, त्यानं ते फक्त लोकप्रिय केलं. पण दिंडोरीत तुमच्या घरी द्राक्षबाग असेल, तर या माणसाशी तुमचं नातं काचेच्या नळीपेक्षा बरंच जवळचं आहे.

युस्टस फॉन लीबिग १८०३ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटला जन्मला. वडील रंग-रसायनांचे व्यापारी. पोराचं शाळेत लक्ष नव्हतं. औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवलं, तर तिथं स्फोट घडवून तो घरी परतला, असं सांगतात. तो तेरा वर्षांचा असताना युरोपात उन्हाळा आलाच नाही. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानं हवामान बिघडलं, पिकं बुडाली, लोक उपाशी राहिले. पुढं पॅरिसला शिकून तो २१ व्या वर्षी गीसेनला प्राध्यापक झाला. तिथं त्यानं विद्यार्थ्यांच्या हाती प्रयोग दिले. तुमची प्रॅक्टिकलची पद्धत बऱ्याच अंशी तिथूनच आली.

१८४० मध्ये त्याचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. पीक मातीतून खनिजं उचलतं, ती परत द्यावी लागतात, हा त्याचा मुद्दा. त्याच्या नावानं ओळखला जाणारा नियम मुळात कार्ल श्प्रेंगेलचा, पण जगभर नेला लीबिगनं : बाकी सगळं भरपूर असलं तरी जे सर्वांत कमी, तेच वाढ ठरवतं. बागेत देठ परीक्षण करून काय कमी पडलंय ते बघतात ना? तेच हे.

मग त्यानं स्वतःचं खत बाजारात आणलं आणि सपशेल आपटला. पावसात खत वाहून जाईल या धास्तीनं त्यानं ते पाण्यात विरघळणारच नाही असं बनवलं होतं. पिकाला काही मिळेचना! शिवाय नत्र हवेतून पुरेसं मिळतं, वेगळं द्यायला नको, हा त्याचा हट्ट. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी शेतातल्या प्रयोगांनी तो खोडून काढला, तरी गडी सहजी मानेना.

पण वाहून जाण्याची धास्ती अगदीच खोटी नव्हती. नायट्रेट पाण्यात विरघळून निघून जातं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीला चिकटून राहतं, पण जोरदार पावसात ती मातीच वाहते. दिंडोरी तालुक्यातली करंजवण आणि पालखेड ही धरणं कादवेवर आहेत. शिवारातला ओघळ शेवटी नदीकडेच जातो. गावाचं सांडपाणी आणि साबणाचा फेसही तिकडेच.

आणि पाण्यालाही लीबिगचाच नियम लागू पडतो. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा स्फुरदच सर्वांत कमी असतं. १९७३ मध्ये, लीबिगला जाऊन शंभर वर्षं झाली त्याच साली, कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या गटानं एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र टाकलं, स्फुरद फक्त एका बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली.

हिरवं दिसतंय म्हणून खूश होऊ नका. १ ग्रॅम स्फुरदावर साधारण १०० ग्रॅम सुकं शेवाळ पोसलं जातं. ते मेल्यावर जिवाणू ते कुजवतात आणि त्यात १४० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन खर्च होतो. आपल्याकडच्या कोमट पाण्यात लिटरमागे ऑक्सिजन मावतोच मुळी ७-८ मिलिग्रॅम! रात्री प्रकाश नसतो, त्यामुळे जिवंत शेवाळही ऑक्सिजन फक्त ओढतं. म्हणून अशा पाण्यात मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तो खेळ नसतो, जीव गुदमरत असतो.

कादवा पुढं नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. हे पक्ष्यांचं ठिकाण २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. दिंडोरीच्या बागेतून निसटलेलं स्फुरद त्या पाण्यापर्यंत पोचू शकतं.

उतारवयात लीबिग एकाच गोष्टीसाठी भांडत होता. शहराच्या मैल्यात शेताचं खत आहे, ते नदीत सोडू नका, शेतात परत न्या, असं तो लंडनकरांना बजावत राहिला. १८७३ मध्ये म्युनिकला त्यानं डोळे मिटले. लंडननं तोवर मोठी गटारं बांधली होती, पण मैला थेम्समध्येच जात होता, फक्त शहराच्या खालच्या अंगाला.