विश्लेषण : कर्करोगाची साखरेची भूक मोजणारे वॉरबर्ग… त्यांच्या शोधावरचा पेट स्कॅन मूत्रपिंडापाशी का अडखळतो?

पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती साखरेमुळे. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी खेचतात, हे शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांनी दाखवले. मूत्रपिंडाच्या कर्करोगात मात्र हा स्कॅन स्वच्छ आला तरी रुग्णाने निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. असे का?

कोण होते वॉरबर्ग?

जन्म ८ ऑक्टोबर १८८३, जर्मनीतील फ्रायबुर्गचा. वडील एमिल नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. ओटो यांनी १९०६ मध्ये रसायनशास्त्रात आणि १९११ मध्ये वैद्यकात डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात होते, जखमीही झाले. १९१८ मध्ये आइन्स्टाइन यांनी पत्र लिहून संशोधनाकडे परतण्याची गळ घातली आणि ते बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत परतले.

त्यांचा शोध नेमका काय?

वॉरबर्ग मोजमापाचे वेडे. उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप काचपात्रात ठेवायचे आणि वायूच्या दाबातील बारीक फरकावरून पेशी किती ऑक्सिजन घेतात, किती लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे काढायचे. निरोगी पेशींना ऑक्सिजन मिळाला की त्या बहुतेक साखर पूर्ण जाळतात. गाठीच्या पेशी मात्र ऑक्सिजन भरपूर असतानाही तिचे लॅक्टिक आम्ल करतात. या मार्गाने ऊर्जा फार कमी मिळते, म्हणून साखर कितीतरी जास्त लागते. हाच ‘वॉरबर्ग परिणाम’. त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते यासाठी नव्हे, तर पेशींच्या श्वसनातील विकरावरील संशोधनासाठी. साखर सोडून कर्करोग पळवण्याचे सल्ले देणारे नेमके हेच विसरतात.

हिटलरच्या काळात काय झाले?

वडिलांचे घराणे ज्यू. शिष्य हान्स क्रेब्स यांना १९३३ मध्येच देश सोडावा लागला, वॉरबर्ग राहिले. १९४१ मध्ये त्यांना पदावरून काढले, पण काही आठवड्यांतच परत घेतले. या राहण्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीकाही झाली. स्वभाव हट्टी. पेशींचे श्वसन बिघडणे हेच सर्व कर्करोगांचे मूळ, हे मत त्यांनी १ ऑगस्ट १९७० रोजी मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. आज जनुकांतील बिघाड हे मूळ मानले जाते आणि साखरेची भूक हा बहुधा त्याचा परिणाम.

मग पेट स्कॅन कुठून आला?

वॉरबर्ग यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, फिलाडेल्फियात फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोज (एफडीजी) प्रथमच माणसांना टोचण्यात आले. या फ्लोरिनची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होते. पेशी हे ग्लुकोज आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. ते तिथेच अडकते आणि यंत्राला दिसते.

मूत्रपिंडात अडचण कोणती?

खरी साखर मूत्रपिंड गाळून पुन्हा रक्तात घेते. एफडीजी मात्र बरेचसे लघवीत जाते. त्यामुळे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय आपोआपच उजळतात आणि त्या उजेडात छोटी गाठ हरवते. शिवाय बऱ्याच गाठी एफडीजी जेमतेमच साठवतात. गंमत अशी की, सर्वाधिक आढळणाऱ्या ‘क्लिअर सेल’ प्रकारात व्हीएचएल जनुक बिघडल्याने पेशी साखरेच्याच मार्गाकडे वळतात, म्हणजे वॉरबर्ग यांना हवे तसेच वागतात. तरी स्कॅनवर त्या हमखास दिसत नाहीत. मूत्रपिंडात गाठ आहे का, हे पाहण्यासाठी म्हणूनच आधी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय केला जातो.

उपयोग कुठे होतो?

गाठ काढल्यानंतर आजार परतल्याची शंका असेल किंवा तो हाडांत, लसिका ग्रंथींत पसरला आहे का हे सीटीवरून ठरत नसेल, तेव्हा. तिथे लघवीचा उजेड आड येत नाही. उजळलेली जागा बहुधा कर्करोगाचीच निघते, पण संसर्ग आणि सूज यांनीही ती उजळू शकते. न उजळलेल्या जागेवरून मात्र आजार नाही असे म्हणता येत नाही.

आता ‘क्लिअर सेल’ गाठींच्या पृष्ठभागावरील सीएआयएक्स प्रथिनाला चिकटणारे, झिर्कोनियम-८९ जोडलेले प्रतिपिंड वापरून पाहिले जात आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘झिरकॉन’ चाचणीत या स्कॅनने अशा सुमारे ८६ टक्के गाठी अचूक ओळखल्या. त्यात साखर कुठेच नाही.