बोर्डिंगच्या यादीतले पहिले नाव



नोव्हेंबर महिना आला की आपल्या धर्मग्रामात मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. आई, वडील, आजी, लहानपणीच गेलेले एखादे लेकरू. २ नोव्हेंबरच्या मिस्साबलिदानात आणि पुढे महिनाभर आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. यंदा एक चिठ्ठी निराळी होती. आपल्या धर्मग्रामातील ऐंशी पार केलेल्या एका आजोबांनी वहीचे पूर्ण पान लिहून आणले. त्यात घरातले नाव एकही नव्हते. लहानपणी ते साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये शिकले. तिथले गुरुजी, बरोबरची मुले, त्यातले जे जे गेले त्यांची ती यादी होती. हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध, सगळे. आणि सर्वांत वर, पहिले नाव होते कर्मवीर भाऊराव पाटील.

यादी वाचून एकाने मला विचारले की ही नावे आपल्या वेदीवर कशी चालतील. प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर पुढे देतो. आधी त्या पहिल्या नावाविषयी लिहायला हवे, कारण पंढरपूरचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आपल्या मुलांना ठाऊक असते, पण त्या नावाचा माणूस ठाऊक असतोच असे नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी, शेतकरी जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा सरकारी खात्यात नोकरीला होते, त्यामुळे बदलीची गावे अनेक. मुलगा अंगापिंडाने दणकट, कुस्ती आणि पोहण्यात पुढे, गणितात मात्र मागे. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून चिडून त्याने एका विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात. रागीट स्वभाव जन्मभर राहिला. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना आपण असे दोष पुसून टाकतो. मला ते बरे वाटत नाही.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळात शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करूनच आत यायचे, असा बोर्डिंगचा आग्रह. भाऊरावांनी आंघोळ केली नाही. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

ज्या माणसाने पुढे आयुष्यभर बोर्डिंगे काढली, त्याचा बोर्डिंगचा पहिला मोठा अनुभव बाहेर काढले जाण्याचा होता. सामान बांधून दाराबाहेर उभा असलेला मुलगा कसा दिसतो हे त्यांना स्वतःवरून माहीत होते.

याच्या पुढची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. हे लठ्ठे त्याच जैन बोर्डिंगच्या कारभाराशी जोडलेले, पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. जुना हिशेब चुकता करायला याहून सोपी संधी नव्हती. त्यांनी साक्ष दिली नाही. तुरुंग सोसला, छळ सोसला. तो इतका असह्य झाला की त्यांनी स्वतःचा जीव देण्याचाही प्रयत्न केला. ते वाचले. पुढे ज्यांनी हजारो मुलांना आधार दिला, तेही एके काळी अशा अंधारात उभे होते हे आपल्यापैकी कोणाला तरी आज वाचायला हवे असेल, म्हणून लिहिले.

त्यानंतरची काही वर्षे पोटापाण्याची. साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग किर्लोस्करांचे नांगर आणि ओगलेवाडीच्या कारखान्याचा माल विकत गावोगाव हिंडले. नांगर विकायला गेलेला माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो आणि त्या घरातली मुले शाळेत का जात नाहीत हे आपोआप कळते. शाळा गावात नाही. तालुक्याला आहे तर राहायला जागा नाही. जागा मिळाली तर जेवण नाही. शाळेच्या आधी चूल पेटली पाहिजे, हे त्यांना या फिरतीत उमगले असावे.

याच काळात इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसलेला एक अस्पृश्य मुलगा त्यांना दिसला. ज्ञानदेव घोलप त्याचे नाव. भाऊरावांनी त्याला घरी आणले आणि पुढे कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये पोहोचवले. तेच बोर्डिंग, ज्याच्यामुळे त्यांचे स्वतःचे छप्पर गेले होते. हे घोलप पुढे डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पत्राचे संपादक झाले आणि मुंबईच्या कायदेमंडळातही बसले.

४ ऑक्टोबर १९१९, दसरा. कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी सत्यशोधक चळवळीतल्या सहकाऱ्यांसह रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. एका पंगतीत सगळी मुले बसत. आज हे वाचताना फारसे काही वाटत नाही. त्या काळी एकाच ताटवाटीचा प्रश्न गाव पेटवायला पुरेसा होता.

आता त्या पंगतीला वाढणाऱ्या बाईकडे वळतो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई खात्यापित्या घरातून आलेल्या, देवाधर्माच्या, सोवळे पाळणाऱ्या. सगळ्या जातींची मुले स्वयंपाकघरापर्यंत येणे त्यांना सुरुवातीला जड गेले असे सांगतात. मला त्यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. नवऱ्याचे मत बदलते तेव्हा तो भाषण करतो. बायकोला मात्र रोजचा तवा, रोजचे पाणी, रोजचे शेजारी बदलावे लागतात. त्यांनी ते केले. मुलांची आजारपणे काढली. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला आणि एक दिवस गळ्यातले मंगळसूत्रही दिले. आपल्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा, नवरा जिवंत असताना मंगळसूत्र विकणे म्हणजे काय. मार्च १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेचा पुढचा सगळा विस्तार त्यांच्या मागे झाला. त्यांनी त्यातले काहीच पाहिले नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल करायची आहे. पुरोहित झाल्यावर सुरुवातीच्या काळात एका मिशन बोर्डिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. तिथे भाकऱ्या करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही. एके दिवशी त्या अचानक वारल्या. मिस्सा अर्पण करायला उभा राहिलो आणि लक्षात आले की मला त्यांचे नाव माहीत नाही. तीन वर्षे त्यांच्या हातचे खाल्ले होते. शेजारच्या सिस्टरना हळूच विचारले, त्यांनाही सांगता येईना. शेवटी सातवीतल्या एका मुलाने नाव सांगितले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार परीक्षेसाठी पाठ केला होता, की देव, आईबाप आणि ज्ञान देणारे यांच्या ऋणाची पुरती फेड कोणत्याच मोलाने होत नाही. त्या दिवशी वाटले की या यादीत भाकरी देणारीला त्याने धरायला हवे होते. आणि मी तर फेडणे दूरच, नावही विचारले नव्हते.

पुन्हा साताऱ्याकडे. १९३२ च्या पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये सातारचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. शिवाय खेड्यापाड्यांत शेकडो प्राथमिक शाळा. पैसा कुठून आला? मुठीमुठीने जमवलेल्या धान्यातून आणि मुलांच्या हातांतून. मुलांनी शेती केली, खडी फोडली, इमारतींचे दगड वाहिले आणि त्यावर फी आणि जेवण भागवले. कमवा आणि शिका हे शब्द आज सरकारी कागदावर असतात. तिथे ते हाताला घट्टे पाडणारे होते. १९४८ नंतर सरकारशी बेबनाव होऊन अनुदान थांबले, संस्था मोठ्या अडचणीत आली. तेव्हा गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झाले. स्वतः निरक्षर असलेला संत शाळांसाठी रदबदली करतो, यासारखे दृश्य महाराष्ट्रात क्वचितच.

पांढरी दाढी, खादी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असे भाऊराव आमच्या आजोबांनी लहानपणी पाहिले आहेत. आजोबांना त्यांचा धाकच जास्त आठवतो. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने डॉक्टरेट आणि भारत सरकारने पद्मभूषण दिले, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बोर्डिंगातून आणि शाळांतून गेलेल्यांची खरी यादी कोणालाच करता येणार नाही. काही नावे सर्वांना ठाऊक आहेत. बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. भाऊरावांच्या हाताखाली शिक्षकी केलेल्या बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. ते १९८७ मध्ये वारले. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात शिकवणारे आणि कमवा-शिका योजना सांभाळणारे प्रा. एन. डी. पाटील जानेवारी २०२२ मध्ये गेले. पण आजोबांच्या पानावर यांतले कोणी नाही. तिथे आहेत ते व्याकरणाचे एक गुरुजी, तापाने आजारी पडलेला असताना रात्रभर उशाशी बसलेला एक मुसलमान मित्र, आणि शाळा अर्धवट सोडून गेलेला, पुढे कधीच न भेटलेला एक मुलगा. तो मेला हे आजोबांना दुसऱ्यांकडून कळले, तेही फार उशिरा.

आता वेदीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या मिस्साविधीत परमप्रसादाची चौथी प्रार्थना आहे. ती म्हणताना धर्मगुरू ख्रिस्ताच्या शांतीत गेलेल्यांचे स्मरण करतो, आणि त्याला जोडूनच ज्यांची श्रद्धा एका देवालाच माहीत आहे अशा सगळ्या मृतांचेही. ही जागा ख्रिस्तसभेनेच करून ठेवली आहे, मी नवीन काही केलेले नाही. संत ऑगस्टीनच्या आईने, संत मोनिकाने, मरताना मुलांकडे एवढेच मागितले होते की मला कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. आजोबांनी आपल्या बोर्डिंगच्या घरासाठी तेच मागितले आहे. त्यांची यादी मी घेतली. फक्त त्यांना विचारून एक बदल केला. भाऊरावांच्या वर लक्ष्मीबाईंचे नाव लिहिले. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की बोर्डिंगच्या स्वयंपाक्याचे नावही राहिले आहे, आठवले की सांगतो.

तर या महिन्यासाठी सूचना अशी. चर्चच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. घरच्या नावांची पाने पुढे आहेत, मागची पाने मोकळी ठेवली आहेत. आपल्यापैकी जे कोणी बोर्डिंगमध्ये शिकले असतील, मिशनच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही, त्यांनी तिथल्या दिवंगत शिक्षकांची, सिस्टर-फादरांची, सोबत्यांची नावे तिथे लिहावीत. नोव्हेंबरमधील प्रत्येक शुक्रवारची मिस्सा त्यांच्यासाठी अर्पण केली जाईल. नाव आठवत नसेल तर ती व्यक्ती काय काम करीत असे ते लिहा: भाकरीवाल्या मावशी, घंटा वाजवणारे मामा. मी तसेच वाचीन.