चित्र साठवू पाहणारा संशोधक : जॉन लोगी बेअर्ड

दूरचित्रवाणीचे जनक म्हणून जॉन लोगी बेअर्ड यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकापासून आपल्या परिचयाचे आहे. त्यांनी दूरचे चित्र घरात आणले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घरात आलेले ते चित्र मुद्रित करून हवे तेव्हा पुन्हा पाहता यावे, यासाठीही पहिला प्रयत्न त्यांनीच केला आणि त्यांच्या हयातीत तो फसला, ही कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. छपरावरच्या अँटेनाने हवेतले एचडी प्रक्षेपण पकडून, कोणालाही मासिक वर्गणी न देता ते साठवून ठेवणारी डिजिटल यंत्रे आज मिळतात. त्यांच्या वंशावळीत बेअर्ड यांना आद्यपुरुषाचे स्थान द्यायला हवे.

बेअर्ड यांचा जन्म ऑगस्ट १८८८ मध्ये स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग या किनाऱ्यावरच्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटा आणि प्रकृतीने कायमचा नाजूक. थंडी, सर्दी आणि ताप यांनी त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. लहानपणीच त्यांनी मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून स्वतःचे टेलिफोन केंद्र उभारले होते. ग्लासगोत अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असताना पहिले महायुद्ध आले. सैन्याने त्यांना प्रकृतीमुळे नाकारले. मग त्यांनी वीज कंपनीत नोकरी धरली. तेथे कोळशापासून हिरा बनविण्याच्या नादात त्यांनी इतका विद्युतप्रवाह सोडला की शहराच्या एका भागाचा पुरवठा बंद पडला. नोकरीही फार काळ टिकली नाही.

त्यानंतरची काही वर्षे व्यापाराची. स्वतःचे पाय सतत गार पडत म्हणून त्यांनी बोरॅक्स लावलेले पायमोजे बाजारात आणले, आणि ते चांगले खपले. १९१९ मध्ये त्यांनी त्रिनिदादला जाऊन जॅमचा कारखाना काढला, पण उकळत्या साखरेवर किड्यांच्या झुंडी तुटून पडल्या आणि धंदा बुडाला. लंडनला परतून मध, खत, साबण विकून झाले. अखेर प्रकृती पूर्ण ढासळली आणि १९२३ च्या प्रारंभी ते हवापालटासाठी हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी मित्राकडे राहायला गेले. वय चौतीस, हाती जेमतेम पैसा.

दूरचित्रवाणीची कल्पना नवी नव्हती. मळसूत्री रांगेत भोके पाडलेली तबकडी फिरवून चित्राचे रेषा-रेषांत तुकडे करण्याची युक्ती जर्मनीत पॉल निपको यांनी १८८४ सालीच नोंदविली होती. बेअर्ड यांनी ती चहाची पेटी, टोपीचा खोका, सायकलच्या दिव्यांची भिंगे, रफूच्या सुया आणि लाख एवढ्या साहित्यातून उभी केली. १९२४ मध्ये त्यांना हजार व्होल्टचा झटका बसला. जीव वाचला, पण घरमालकाने जागा सोडायला लावली. पुढच्या वर्षी लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात ते तीन आठवडे गिऱ्हाइकांना हलत्या आकृत्या दाखवीत होते. २ ऑक्टोबर १९२५ रोजी ‘स्टुकी बिल’ नावाच्या बाहुल्याचा चेहरा छायांसह उमटला. तेव्हा बेअर्ड खाली धावत गेले आणि विल्यम टेन्टन या कार्यालयीन पोऱ्याला ओढून दिव्यांपुढे बसविले. उष्णतेने घाबरलेल्या त्या मुलाला थांबविण्यासाठी अर्धा क्राउन मोजावा लागला. दूरचित्रवाणीवर दिसलेल्या पहिल्या माणसाचे हे मानधन! २६ जानेवारी १९२६ रोजी सोहोतील फ्रिथ स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांसमोर जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि बेअर्ड जगप्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी त्यांनी ‘फोनोव्हिजन’चे पेटंट मागितले. त्यांच्या चित्रात अवघ्या तीस रेषा असत. इतक्या थोड्या तपशिलाचा विद्युतसंकेत कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यातच मावे. म्हणून तो साध्या रेडिओ केंद्रावरून पाठविता येई, आणि कर्ण्यावर सोडला तर ऐकूही येई. प्रत्येक चेहऱ्याचा सूर निराळा असतो, हे बेअर्ड यांच्या ध्यानी आले होते. मग जे ऐकता येते ते ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरताही येईल, हा विचार ओघानेच आला. १९२७-२८ मध्ये त्यांनी अशा तबकड्या प्रत्यक्ष कोरल्या. एकीवर स्टुकी बिल, दुसरीवर पाउन्सफर्ड नावाची तरुणी.

परंतु तबकडी पुन्हा लावली की पडद्यावर काही ओळखू येईना. कोरताना यंत्र थरथरे, फिरण्याची गती किंचित कमी-जास्त होई. गाण्यात एवढा फरक कानाला सहज खपतो. चित्रात मात्र प्रत्येक रेषा क्षणभर आधी वा नंतर पडली की चेहरा फाटतो. बेअर्ड यांनी तबकड्या बाजूला ठेवल्या. घरोघरी चित्रवादक देण्याचा बेत तेथेच थांबला.

पुढची काही वर्षे वैभवाची होती. १९२८ मध्ये लंडनहून अटलांटिकपार न्यूयॉर्कजवळ चित्र पोहोचले, त्याच वर्षी रंगीत चित्रही दाखविले गेले, आणि १९२९ पासून बीबीसीच्या केंद्रावरून प्रक्षेपण सुरू झाले. ‘टेलिव्हायझर’ संच मात्र सुमारे हजारच खपले. दरम्यान पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धत पुढे सरकत होती. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत आलटून पालटून वापरली. बेअर्ड यांच्या स्टुडिओत दृश्य आधी फिल्मवर टिपून, जवळपास मिनिटभरात धुऊन मगच प्रक्षेपित होई; अवजड कॅमेरा जागचा हलत नसे. त्यातच ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांची प्रयोगशाळा भस्मसात झाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बीबीसीने त्यांची पद्धत सोडली.

निवड योग्यच होती. यांत्रिक तबकडीची मर्यादा ओळखायला बेअर्ड यांनी फार उशीर केला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पण पराभवानंतर हा माणूस स्वस्थ बसला नाही, याचे श्रेयही त्यांना द्यायला हवे. युद्धात प्रक्षेपण बंद पडले, कंपनी बुडाली, तरी घरच्या प्रयोगशाळेत स्वखर्चाने त्यांचे काम चालू होते. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी ६०० रेषांची इलेक्ट्रॉनिक रंगीत चित्रनलिका दाखविली, आणि युद्धोत्तर दूरचित्रवाणी हजार रेषांची व रंगीत असावी, असा आग्रह सरकारी समितीपुढे धरला. आज ज्याला आपण एचडी म्हणतो, त्याच्या उंबरठ्यावरचीच ही मागणी होती. ७ जून १९४६ रोजी बीबीसीचे प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले, ते जुन्या ४०५ रेषांवर. आठवड्यानंतर, १४ जून रोजी, बेक्सहिल येथे बेअर्ड यांचे निधन झाले. वय सत्तावन्न.

घरी चित्र मुद्रित करण्याचे स्वप्न पुढे चुंबकीय फितीने पुरे केले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गच्चीवरचा अँटेना फिरवून मुंग्या घालवायच्या आणि रविवारचे ‘रामायण’ व्हीसीआरवर उतरवायचे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. असे मुद्रण करणे चोरी आहे काय, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हवेतून मोफत आलेला कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे गैर नाही, असा निर्णय १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला. एका मताचा फरक! वर्गणीशिवायचे यंत्र आजही याच निर्णयाच्या आधारावर उभे आहे. तिथले प्रक्षेपण आता डिजिटल असल्याने यंत्र हवेतून आलेले आकडे जसेच्या तसे डिस्कवर उतरविते. कार्यक्रमांचे वेळापत्रकही प्रक्षेपणातच येते, त्यामुळे त्यासाठी कोणाला दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. बेअर्ड यांना छळणारी गतीची थरथर येथे उरतच नाही, कारण प्रत्येक चित्राची वेळ आकड्यांतच नोंदलेली असते.

त्या टाकून दिलेल्या तबकड्यांचेही पुढे नशीब उघडले. १९८० च्या दशकात डोनाल्ड मॅकलीन या अभियंत्याने त्यांतला संकेत संगणकात घेतला आणि प्रत्येक रेषा तिच्या जागी सरकवीत नेली. स्टुकी बिलचा चेहरा दिसला. पाउन्सफर्ड मान वळविताना दिसल्या. पुढे आणखी एक तबकडी हाती आली. ती बेअर्ड यांची नव्हती. १९३३ च्या एप्रिलमध्ये कोणा हौशी प्रेक्षकाने घरच्या ध्वनिमुद्रकाच्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर बीबीसीचा कार्यक्रम परस्पर उतरवून ठेवला होता. त्यात तीस रेषांच्या अरुंद चौकटीत नर्तकींची एक रांग पाय उडवीत नाचते आहे.