कृष्ण मेनन : पक्ष सुटला आणि मुंबईही सुटली

स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवीस वर्षांत व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याइतका गाजलेला आणि त्यांच्याइतका एकाकी नेता विरळाच. १९६२ साली मुंबईच्या मतदारांनी प्रतिस्पर्ध्याच्या जवळजवळ दुप्पट मते देऊन त्यांना लोकसभेत पाठविले. पाचच वर्षांनी याच महानगराने त्यांना एकाच वर्षात दोन वेळा नाकारले. मेनन यांची विद्वत्ता, वक्तृत्व आणि विक्षिप्तपणा या काळात तसूभरही बदलला नव्हता. बदलले होते ते उमेदवारी अर्जावरचे पक्षाचे नाव. मतदार माणसाला मत देतो की पक्षाला, या जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मेनन यांचे चरित्र म्हणूनच उद्बोधक ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलबारातील एका सुखवस्तू घराण्यात मेनन यांचा जन्म झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना ते ॲनी बेझंट यांच्या प्रभावाखाली आले आणि १९२४ मध्ये इंग्लंडला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. इंडिया लीग या संस्थेमार्फत ब्रिटिश जनमत भारताच्या स्वातंत्र्यास अनुकूल करण्याचे काम त्यांनी दीर्घकाळ केले. चहा आणि बिस्किटांवर दिवस काढणारा हा कृश माणूस पेलिकन ग्रंथमालेच्या पहिल्या संपादकांपैकी एक होता, आणि लंडनच्या सेंट पँक्रस भागाचा मजूर पक्षाचा नगरसेवकही होता.

पक्षशिस्तीचा पहिला फटका त्यांना तेथेच बसला. स्कॉटलंडमधील डंडी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूक लढविण्यासाठी मजूर पक्षाने त्यांची निवड केली होती. कम्युनिस्टांशी जवळीक असल्याच्या संशयावरून पक्षश्रेष्ठींनी ती रद्द केली. मेनन पक्षाबाहेर पडले आणि काही वर्षांनी पुन्हा पक्षात परतले. संघटनेवाचून राजकारणात किती अंतर चालता येते, याचा हा अनुभव पुढे भारतातही त्यांच्या वाट्यास येणार होता.

स्वातंत्र्यानंतर ते ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त झाले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताची बाजू मांडली. जानेवारी १९५७ मध्ये काश्मीरप्रश्नी सुरक्षा समितीत त्यांनी दोन दिवस मिळून सुमारे आठ तास केलेल्या भाषणाने ते देशात घराघरांत पोहोचले. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले आणि संरक्षणमंत्री झाले. मुंबईत त्यांचे घर नव्हते, गट नव्हता, मराठीशी संबंध नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने काँग्रेसविरुद्ध रान पेटविलेले असतानाही ते विजयी झाले, हे विशेष.

१९६२ ची लढत देशभर गाजली. मेनन यांच्यासमोर आचार्य जे. बी. कृपलानी उभे होते. गांधीजींचे जुने सहकारी आणि स्वातंत्र्य मिळाले त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष असलेले कृपलानी आता अपक्ष होते. अनेक विरोधी पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला होता. चीनने सीमेवर चालविलेली घुसखोरी हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता, आणि काळाने तो खरा ठरविला. परंतु नेहरूंनी ही निवडणूक स्वतःच्या धोरणावरचा कौल मानली. ते स्वतः प्रचारास आले. त्यांच्या सांगण्यावरून दिलीपकुमार यांच्यासारखे लोकप्रिय अभिनेतेही मेनन यांच्या व्यासपीठावर उभे राहिले. कृपलानींच्या त्यागाविषयी मतदारांना आदर होता. मात्र मतपत्रिकेवर शिक्का मारताना त्यांनी बैलजोडी शोधली.

मेनन यांनी या विजयाचा कोणता अर्थ लावला असेल, हे त्यांच्या पुढील निर्णयावरून उमगते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. सैन्याच्या दुरवस्थेचे खापर संरक्षणमंत्र्यांवर फुटले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. १९६४ मध्ये नेहरू निवर्तले आणि मेनन यांचा एकमेव आधार नाहीसा झाला.

१९६७ च्या निवडणुकीत मुंबई काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली. मेनन महाराष्ट्रीय नाहीत, हे कारण पुढे करण्यात आले. मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील यांचा त्यांना असलेला विरोध सर्वश्रुत होता. इंदिरा गांधींची इच्छाही तेथे चालली नाही. मेनन काँग्रेसमधून बाहेर पडले आणि ईशान्य मुंबईतून अपक्ष म्हणून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर स. गो. बर्वे यांना उभे केले. पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी पुन्हा बसविणारे हे कर्तबगार प्रशासक होते. नव्यानेच स्थापन झालेली शिवसेना मेनन यांच्या विरोधात उतरली. डावे पक्ष त्यांच्या बाजूने होते. मेनन काही हजार मतांनी हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उमेदवारी दिली. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पराभूत झाले.

या पराभवाचे सारे श्रेय पक्षनिष्ठेला देणे अन्यायाचे ठरेल. चीनची जखम ताजी होती, मराठी अस्मिता जागी झाली होती, मतदारसंघाच्या सीमाही बदलल्या होत्या. शिवाय मुंबईचा मतदार पक्षाचा आंधळा दास नव्हता. याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत त्याने खुद्द स. का. पाटील यांचा पराभव केला. परंतु त्यांना हरविणारे जॉर्ज फर्नांडिस एकटे नव्हते. त्यांच्यामागे संयुक्त समाजवादी पक्ष आणि कामगार संघटनांचे जाळे होते. मतदाराने एक संघटना सोडून दुसरी पत्करली. संघटनेवाचून उभ्या असलेल्या माणसावर विसंबण्यास मात्र तो सहसा धजावत नाही.

याला मतदाराचे अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. संसदीय पद्धतीत सरकार बहुमताने बनते, आणि एकटा सदस्य कितीही विद्वान असला तरी त्याचे मत एकच असते. पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे ओळखीचे असते. अपक्षाचे चिन्ह मतदानाच्या काही आठवडे आधी हाती पडते. नळ, रेशनकार्ड, शाळेतील प्रवेश यांसाठी चाळीतल्या माणसाला पक्षाचा कार्यकर्ता पाच वर्षे भेटत असतो. अपक्षाचा मांडव निकालानंतर उतरतो. शिवाय पक्षाने शब्द मोडला तर पुढच्या वेळी त्याला जाब विचारता येतो. अपक्ष पुढच्या वेळी उभा राहीलच, याची खात्री नसते. पक्षाला मत देणारा मतदार या अर्थाने व्यवहारीच असतो.

मेनन यांच्या उत्तरायुष्याने हीच गोष्ट उलट बाजूने सिद्ध केली. १९६९ च्या पोटनिवडणुकीत बंगालमधील मिदनापूरमधून ते अपक्ष म्हणून लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. तेथेही ते परकेच होते, पण सत्ताधारी संयुक्त आघाडी त्यांच्या पाठीशी होती. १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधूनही ते डाव्यांच्या पाठबळावर विजयी झाले. कृपलानींची कथाही निराळी नाही. मुंबईत हरल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, विरोधकांच्या एकजुटीमुळे ते अमरोह्यातून लोकसभेत पोहोचले. अर्जावर अपक्ष असलेला उमेदवारही बहुधा दुसऱ्याच्या कार्यकर्त्यांच्या खांद्यावरूनच संसदेत जातो.

६ ऑक्टोबर १९७४ रोजी, लोकसभेचे सदस्य असतानाच, दिल्लीत मेनन यांचे निधन झाले. १९५७ मध्ये ४२ अपक्ष लोकसभेत निवडून आले होते. २०२४ मध्ये ही संख्या ७ वर आली. पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या खासदारालाही पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची मुभा उरलेली नाही. मतदार पक्ष निवडतो, त्यामागे त्याची कारणे आहेत. मात्र त्यामुळे उमेदवार ठरविण्याचा खरा अधिकार मूठभर पक्षश्रेष्ठींकडे जातो. १९६२ मध्ये ज्या व्यवस्थेने कृपलानींना हरवून मेनन यांना तारले, तिनेच १९६७ मध्ये मेनन यांना बुडविले. दोन्ही वेळी उमेदवार मतदानाच्या कितीतरी आधी, मतदाराला न विचारताच ठरला होता.