ब्रश हाताला बांधलेला नव्हता!

ही गोष्ट तुम्ही कुठल्या तरी मोटिव्हेशनल रीलमध्ये किंवा भाषणात ऐकली असेल. एका म्हाताऱ्या चित्रकाराची बोटं संधिवाताने पार वाकडी झाली, तरी गड्याने हार मानली नाही. ब्रश हातालाच बांधून घेतला आणि मरेपर्यंत चित्रं काढली. ऐकायला भारी वाटतं. चित्रकार खरा, आजार खरा, चित्रंही खरी. फक्त ब्रश बांधलेला नव्हता. आणि खरी गोष्ट रीलपेक्षा जास्त कामाची आहे.

हा चित्रकार म्हणजे फ्रान्सचा पिएर ओग्युस्त रन्वार. १८४१ मध्ये लिमोज गावात एका शिंप्याच्या घरी जन्मला. तेराव्या वर्षी चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवायच्या कामाला लागला. पुढे पॅरिसमध्ये मोनेसारखे मित्र भेटले आणि १८७४ च्या गाजलेल्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्याचीही चित्रं लागली. उन्हात नाचणारी, गप्पा मारणारी माणसं रंगवणारा हा माणूस पन्नाशीला आला आणि सांधे कुरकुरायला लागले. १८९७ मध्ये सायकलवरून पडून उजवा हात मोडला. त्यानंतरच्या काही वर्षांत दुखणं वाढतच गेलं.

हा रुमटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आमवात. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. रन्वारच्या काळात त्याला रोखणारं औषधच नव्हतं. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन शेक घ्यायचा, बस्स! त्याची बोटं तळव्याकडे वळली, खांदा आखडला, वजन घटलं. १९१२ नंतर तो चाकाच्या खुर्चीतच असायचा.

मग त्याने काय केलं? जगायची आणि काम करायची पद्धत एकेक करून बदलली.

आधी हवा बदलली. थंडी सोसवेना म्हणून दक्षिण फ्रान्समध्ये, समुद्राजवळच्या कान्य गावात १९०७ मध्ये ऑलिव्हच्या झाडांची जागा घेतली आणि तिथे घर बांधलं. बोटं चालत होती तोवर सकाळी छोटे चेंडू उडवून झेलायचा आणि बिलियर्ड्स खेळायचा, म्हणजे हातांना व्यायाम. तेही जमेना तेव्हा सोडून दिलं, पण चित्रं सुरू ठेवली. घरातलं कुणीतरी ब्रश त्याच्या बोटांत अडकवून द्यायचं. हाताला गुंडाळलेल्या कापडाच्या पट्ट्या होत्या तळव्याची नाजूक कातडी सोलवटू नये म्हणून. त्या पट्ट्या पाहूनच ब्रश बांधल्याची दंतकथा पसरली. १९१५ मध्ये घेतलेल्या एका छोट्या फिल्ममध्ये त्याचा मुलगा त्याच्या हातात ब्रश देताना आजही दिसतो.

मोठं चित्र काढायचं तर हात वर पोचायचा नाही. मग रुळांवर गुंडाळलेला कॅनव्हास आला. रूळ फिरवायचा, हवा तो भाग हातासमोर आणायचा. बागेत बसून रंगवता यावं म्हणून काचेचा स्टुडिओ उभारला. पांघरुणाचं ओझंही पायांना सोसवेना, म्हणून पलंगावर तारेची चौकट बसवली.

आता सगळ्यात महत्त्वाचा किस्सा. एका डॉक्टरने मेहनत घेऊन त्याला पुन्हा उभं केलं. चार पावलं चालवलंसुद्धा. सगळ्यांना आनंद झाला. पण रन्वारच्या लक्षात आलं की एवढ्यातच आपली सगळी ताकद संपतेय, रंगवायला काही उरत नाही. त्याने चालणं सोडलं आणि खुर्चीत बसून चित्रं काढायचं ठरवलं. रीलवाल्यांना हा पराभव वाटेल. मला हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

आपली ताकद मोजून ती हव्या त्या कामासाठी राखायची आणि बाकीची व्यवस्था बदलायची, हे आज ऑक्युपेशनल थेरपीमध्ये शिकवलं जातं. या व्यवसायाची पहिली संघटना अमेरिकेत १९१७ मध्ये स्थापन झाली, रन्वार जिवंत असतानाच. आपल्याकडे कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. हे थेरपिस्ट करतात काय? फिरवायच्या तोटीऐवजी दांड्याचा नळ, जमिनीवरच्या विळीऐवजी टेबलावर भाजी चिरायची सोय, पेनाला जाड पकड, कामाच्या मध्ये ठरवून विश्रांती. दिसायला साध्या गोष्टी, पण त्यांच्यामुळे माणसाचा दिवस त्याच्या हातात राहतो.

एक गोष्ट मात्र रील सांगत नाही. रन्वारकडे तोवर पैसा होता, घर होतं, ब्रश हातात द्यायला माणसं होती. केवळ जिद्दीवर हे झालेलं नाही. दुःखंही चुकली नाहीत. पहिल्या महायुद्धात दोन मुलं जखमी झाली आणि १९१५ मध्ये बायको गेली. तरी तो रंगवत राहिला. अखेरच्या दिवसांत त्याने स्नान करणाऱ्या स्त्रियांचं एक मोठं, उबदार चित्र पूर्ण केलं. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ३ डिसेंबर १९१९ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो गेला.

आमवात फक्त म्हाताऱ्यांना होतो असं समजू नका. सकाळी उठल्यावर बोटं बराच वेळ आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आज आजार आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं.

आणि तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीण जिना टाळत असेल, परीक्षेला लेखनिक मागत असेल, किंवा घरी आजी ओट्यापाशी टेकून उभी असेल, तर तिला जिद्दीचे धडे देऊ नका. काय बदललं तर तुझं काम सोपं होईल, एवढं विचारा. आणि ते बदलायला हात लावा.